स्वस्तातलं एस्प्रेसो मशीन: हँडलच्या कडेने गळतंय, शॉट सगळीकडे उडतोय. वॉशर बदलू की मशीन?

शंकेखोर (धागालेखक)

मंडळी, घरी एक छोटं एस्प्रेसो मशीन आहे, पुढे मोठ्या अक्षरात १५ बार (पाण्याचा दाब) लिहिलेलं, ५१ मिमीचं हँडल, अगदी बेसिक मॉडेल. ब्रँडचं नाव मुद्दाम टाकत नाही नाहीतर धागा भलतीकडे जाईल. इतके दिवस सोबत आलेल्या डबल वॉल बास्केटमध्ये (हँडलमध्ये बसणारी कॉफीची वाटी) तयार दळलेली कॉफी घालून चाललं होतं, चव ठीकठाक, फेस भरपूर, तक्रार काही नव्हती. मग हौस आली आणि हँड ग्राइंडर, सिंगल वॉल बास्केट आणि तो खालून उघडा असलेला बॉटमलेस पोर्टाफिल्टर, म्हणजे हँडलच, असं सगळं एकदमच घेतलं. तेव्हापासून कॉफी कमी पितोय आणि ओटा जास्त पुसतोय.

होतं काय की शॉट, म्हणजे एका वेळची कॉफी, चालू असताना हँडलच्या वरच्या कडेने तपकिरी पाणी ओघळतं, जास्त करून डावीकडून. खालून बारीक पिचकाऱ्या उडतात, एक तर थेट भिंतीवर. शॉट संपल्यावर हँडल फिरवलं की फस्स करून चोथा अंगावर येतो. आणि मशीनच्या खाली पाण्याचं थारोळं, पण ते रोज नाही, कधी असतं कधी नसतं, त्यामुळे जास्त वैताग.

व्हिडिओ बघितले तर सगळे म्हणतात हँडलची कड जिथे टेकते ते रबरी वॉशर गेलं. मागवू का? की मशीनच बदलून टाकू?

गाळणी

थांबा, काहीच मागवू नका अजून. तुम्ही चार दुखणी एका वाक्यात सांगितलीत आणि चौघांचं औषध वेगळं आहे.

पहिलं म्हणजे पाण्याचा रंग बघा. तपकिरी पाणी म्हणजे ते कॉफीला भेटून आलंय, म्हणजे गळती हँडलच्या आसपास. स्वच्छ पाणी म्हणजे ते कॉफीपर्यंत पोचलंच नाही, टाकी, नळ्या, ट्रे, पंप असं मागच्या बाजूचं काहीतरी. तुमचं थारोळं कुठल्या रंगाचं आहे ते लिहिलं नाहीत.

दुसरं, वॉशर गेलं की नाही हे बघायला पैसे लागत नाहीत. जुनं हँडल घ्या, त्यात ती जुनी डबल वॉल बास्केट, कॉफी अजिबात नाही, नुसतं पाणी सोडा. त्या बास्केटला खाली एकच बारीक भोक असतं, त्यामुळे कॉफी नसतानाही आत बऱ्यापैकी दाब तयार होतो. त्या दाबाला कडेने पाणी आलं तर वॉशर संशयित. नाही आलं तर नवीन हँडल, नवीन बास्केट आणि तुमची कॉफी या तिघांना उभं करा. सिंगल वॉल बास्केट रिकामी ठेवून ही टेस्ट करू नका, तिला शेकडो भोकं, दाबच येत नाही, सगळं छान आहे असं वाटेल.

वाफाळलेला

वॉशरच आहे हो. माझं पण असंच होतं, वॉशर बदललं, विषय संपला. हँडल जरा जोर लावून आवळा तोपर्यंत.

जुनाट_पाना

जोर लावून आवळायला नका सांगू कोणाला. स्वस्त मशीनच्या ग्रुप हेडचा (हँडल जिथे लागतं तो भाग) कॉलर बऱ्याचदा प्लास्टिकचा किंवा पातळ ओतीव धातूचा असतो, हँडलचे कान त्यात अडकतात, जोर लावून लावून तो झिजला की मग खरंच मशीन बदलायची पाळी येते.

धागाकर्ते, गाळणी यांनी सांगितलेली टेस्ट कराच. पण मला वाटतं तुमची गळती आणि तुमच्या पिचकाऱ्या ही एकाच घरातली भावंडं आहेत. कसं ते सांगतो. या मशीनमध्ये व्हायब्रेशन पंप असतो, तो जो घर्रर्र आवाज येतो तो त्याचाच. १५ बार हा त्याचा कमाल आकडा, म्हणजे पुढचा रस्ता पूर्ण बंद असेल तेव्हा तो जास्तीत जास्त एवढा दाब देऊ शकतो. एस्प्रेसोला हवेत ९ च्या आसपास. चांगल्या मशीनमध्ये मध्ये एक जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह असतो, ओपीव्ही म्हणतात, तो वरचं पाणी टाकीत किंवा ट्रेमध्ये परत पाठवतो. स्वस्त मशीनमध्ये तो एकतर फार वर सेट केलेला असतो किंवा नावापुरता असतो.

आता तुम्ही नवीन ग्राइंडरवर कॉफी पिठासारखी बारीक केलीत, वरून बास्केट ठासून भरलीत (भरली असेल असं धरून चाललोय), तर पाण्याला खाली जायला वाटच नाही. पंप ढकलतोय, दाब १२-१३ कडे चाललाय, मग पाणी जिथे सोपं पडेल तिथून निघतं. कधी चोथ्यात एखादी भेग शोधून पिचकारी मारतं, कधी वरच्या कडेने वॉशर उचलून बाहेर येतं. वॉशर निर्दोष असलं तरी गळतं.

किती ग्रॅम घालता, किती बाहेर येतं, किती सेकंदात? हे तीन आकडे द्या, बाकी नंतर बोलू.

शंकेखोर

बापरे, एवढ्या लवकर एवढे प्रतिसाद. धन्यवाद सगळ्यांना.

थारोळं स्वच्छ पाण्याचं आहे, हे आत्ता लक्ष देऊन बघितलं.

ग्रॅम मोजत नव्हतो, चमच्याने घालून बास्केट काठोकाठ भरायचो आणि दाबायचो. आज काट्यावर ठेवलं तर १९ भरले. बास्केटवर १४ छापलंय. शॉट पहिले २० सेकंद काहीच नाही, मग दोन तीन काळे थेंब, मग एकदम एका बाजूने पांढरट धार आणि पिचकाऱ्या.

डबल वॉल आणि नुसतं पाणी: कडेने एक थेंब नाही.

रात्रपाळी

१४ च्या बास्केटमध्ये १९!! मग काय होणार.

कॉफी भिजली की फुगते आणि तिला वर जागा लागते. नाण्याची टेस्ट करा, कॉफी दाबून झाली की वर एक पातळ नाणं ठेवा, हँडल मशीनला लावा, परत काढा. नाण्याचा ठसा कॉफीत उमटला असेल तर जागा नाही, कॉफी कमी करा. ठसा नसेल तर ठीक. नाणं काढायला विसरू नका मात्र.

आणि बास्केटची कड. काठोकाठ भरली की दाण्यांचा भुगा कडेवर बसतो, वॉशर आणि कड यांच्यामध्ये तो अडकला की सील बसत नाही. हँडल लावायच्या आधी कडेवरून आणि दोन्ही कानांवरून बोट फिरवायचं, ही सवय लावली तर अर्ध्या लोकांची गळती तिथेच थांबेल असं माझं प्रामाणिक मत आहे.

१४ ग्रॅम आत, २८ च्या आसपास बाहेर, पंप चालू केल्यापासून २५ ते ३० सेकंद. इथून सुरू करा. कपाखाली काटा ठेवा, नजरेने नको, फेसामुळे नजर फसते. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, ग्रॅम ठरले की ते हलवायचे नाहीत, फक्त दळण जाड बारीक.

वाफाळलेला

बरं वॉशर नाही तर नाही. पण मग दाबायला कमी पडताय. टॅम्पर, म्हणजे कॉफी दाबायचा दट्ट्या, चांगला जोरात दाबला की पिचकाऱ्या बंद, अनुभवाचे बोल.

गाळणी

असहमत. पूर्वी ३० पौंड, म्हणजे साडेतेरा किलोच्या आसपास, दाबा असं सांगायचे. प्रत्यक्षात कॉफी एकदा पूर्ण दबली की त्यापुढे कितीही जोर लावा फारसा फरक नाही, मनगट तेवढं दुखतं. महत्त्वाचं आहे ते सपाट दाबणं. एक बाजू दोन मिमी खाली गेली की पाणी तिकडूनच जाणार. शंकेखोर यांची धार एका बाजूनेच येतेय, त्यामुळे मला तरी तिरकं दाबणं किंवा गुठळ्या वाटतायत.

गुठळ्यांसाठी बारीक सुया घ्या, ०.३ ते ०.४ मिमीच्या, एखाद्या बुचात चार पाच खोचा, आणि दाबायच्या आधी बास्केटमधली कॉफी तळापासून ढवळा. वरवर नाही, अगदी तळापासून, आणि मग शेवटी पृष्ठभाग सारखा करा. टूथपिकने होत नाही, जाड असते, ती उलट चर पाडते. सोबत मिळणारा प्लास्टिकचा टॅम्पर बास्केटपेक्षा लहान असतो, कडेला न दबलेली कॉफी राहते, शक्य असेल तर ५१ चा नीट बसणारा घ्या.

निवांत_नंदी

मशीनमधून व्हिनेगर फिरवा, सगळं साफ होतं, गळती पण जाते. स्वस्त आणि मस्त.

जुनाट_पाना

नंदीभाऊ, व्हिनेगर क्षार काढतं हे खरं, पण दोन गोष्टी. वास कितीतरी शॉट जात नाही, आणि आतल्या काही रबरांना ते मानवत नाही. क्षारासाठी सायट्रिक ॲसिड किंवा डिस्केलरची पावडर वापरा, मॅन्युअलमध्ये दिलेल्या प्रमाणात, आणि आत ॲल्युमिनियमचा बॉयलर असेल तर तासन्‌तास आत ठेवून देऊ नका.

मोठा मुद्दा म्हणजे वॉशरच्या खाचेत जी घाण असते ती क्षाराची नसतेच, ती कॉफीच्या तेलाची असते. तिला आम्लाने काही होत नाही, तिला अल्कलीवाली कॉफी मशीनची क्लिनिंग पावडर लागते. मशीन थंड, प्लग काढलेला, मग शॉवरची जाळी स्क्रू काढून खाली घ्या. पहिल्यांदा काढणाऱ्याला मळमळेल, जाळीच्या वर डांबरासारखा काळा थर असतो आणि त्याला जुना कडवट वास. जाळी गरम पाण्यात पावडर घालून भिजवा, खाच ब्रशने घासा. हे केलं की पाणी सगळ्या भोकांतून सारखं पडतं, अर्धी जाळी बुजलेली असेल तर वरून पाणीच तिरकं येतं आणि मग सुया फिरवून काय उपयोग.

वॉशर तपासायचं असेल तर तेव्हाच नखाने दाबून बघा. लवचिक असेल, नख रुतून परत वर येत असेल तर जिवंत आहे. कडक, चकचकीत, तडे गेलेलं असेल तर बदला. दुसरी खूण, हँडल पूर्वी जिथे घट्ट व्हायचं त्याच्यापेक्षा बरंच पुढे उजवीकडे जायला लागतं.

आणि हो, ज्या मशीनला सोलेनॉइड नाही त्यात आंधळी (बिनभोकाची) बास्केट लावून बॅकफ्लश, म्हणजे पाणी उलटं मागे ढकलून सफाई, करू नका. दाब सुटायला वाटच नसते, साफ काही होत नाही, फक्त नळ्यांवर ताण.

शंकेखोर

सोलेनॉइड आहे की नाही कसं कळणार?

रात्रपाळी

शॉट बंद केल्याबरोबर मागे ट्रेमध्ये चुळ्ळ करून पाणी सोडल्याचा आवाज येतो का? येत असेल तर थ्री-वे सोलेनॉइड आहे, तो उरलेला दाब ट्रेमध्ये सोडतो आणि चोथा कोरडा निघतो. तुमचा चोथा अंगावर येतो म्हणजे बहुतेक नाही. त्यात बिघाड असं काही नाही, तशीच रचना आहे. कप काढा, हँडल तिथेच राहू द्या, अर्धा एक मिनिट थांबा, मग हळू अर्धवट फिरवा, सुस्कारा ऐकू आला की पूर्ण काढा. अजून घाई असेल तर वाफेचा नॉब क्षणभर उघडून आतला दाब सोडता येतो, काही मशीनला हे चालतं, काहींना ग्रुप आणि वाफेची वाट वेगळी असते तिथे नाही.

ओला चिखलासारखा चोथा म्हणजे शॉट वाईट असंही नाही. चव बघा, चोथ्याचं भविष्य वाचत बसू नका.

अर्धाकप

मी वाचनमात्र असतो पण इथे राहवलं नाही. बॉटमलेस हँडल हे शिकायचं साधन आहे, रोजच्या घाईचं नाही. चोच असलेल्या हँडलमध्येही त्याच पिचकाऱ्या उडत असतात, फक्त त्या आतल्या भिंतीवर आपटून कपात पडतात आणि आपल्याला दिसत नाहीत. घाण नको एवढंच हवं असेल तर जुन्या हँडलमध्ये नवीन सिंगल वॉल बास्केट टाका, संपलं.

एक बघून घ्या मात्र, काही मशीनमध्ये दाब देणारी ती बारीक भोकाची करामत बास्केटमध्ये नसते, हँडलच्या बुडातच असते. तिथे सिंगल वॉल टाकूनही खाली बूच राहतंच.

निवांत_नंदी

मला तर डबल वॉलचा फेसच आवडायचा. एवढा व्याप कशाला.

अर्धाकप

आवडत असेल तर प्याच, कोणी अडवलंय. फक्त तो दाबाने भोकातून मारलेला फेस आहे, शिळ्या कॉफीलाही येतो. क्रेमा, म्हणजे एस्प्रेसोवरचा खरा फेस, येतो तो भाजल्यानंतर दाण्यात अडकलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे, म्हणून ताज्या दाण्यांनाच.

अवांतर: हे क्रेमा प्रकरणच तसं नवीन. १९०१ साली लुईजी बेझेरा यांनी पेटंट घेतलं ते वाफेच्या दाबावरचं मशीन, त्यात दीडेक बार दाब, क्रेमा नाहीच. आकिले गाजिया यांची स्प्रिंगच्या दांड्याची मशीनं दुसऱ्या महायुद्धानंतर आली तेव्हा दाब ९ बारच्या घरात गेला आणि वर हा थर दिसायला लागला. १९६१ च्या फाएमा ई६१ मध्ये तोच दाब इलेक्ट्रिक पंपाने मिळायला लागला. म्हणजे पंधरा बार कोणालाच कधी लागले नाहीत, तो डब्यावर छापायचा आकडा आहे.

गाळणी

+१. आणि बारीक दळणाच्या नादी लागणाऱ्यांसाठी अजून एक. २०२० मध्ये मॅटर नावाच्या जर्नलमध्ये एस्प्रेसोवर एक पेपर आला होता, त्यात दिसलं की एका मर्यादेपलीकडे बारीक केलं की अर्क वाढायच्या ऐवजी कमी होतो, कारण पाणी सगळ्या कॉफीतून सारखं जातच नाही, काही भाग कोरा राहतो. त्यामुळे थोडं जाड दळण आणि थोडी कमी कॉफी हे बऱ्याचदा जास्त सातत्याने जमतं. शंकेखोर, तुमचे २० सेकंद काहीच नाही हे त्यातलंच लक्षण. दोन तीन क्लिक जाड करा.

हँड ग्राइंडरमध्ये भुगा भिंतीला चिकटत असेल तर दळायच्या आधी दाण्यांवर पाण्याचा एखादा थेंब टाकून हलवा, स्थिर विजेचा त्रास कमी होतो, गुठळ्याही कमी.

शंकेखोर

सविस्तर अपडेट देतो.

जाळी काढली. जुनाट_पाना यांनी डांबर म्हटलं ते सौम्य शब्दात म्हटलं. भिजवून घासली, आता पाणी पावसासारखं सगळीकडून सारखं पडतंय, आधी एका बाजूनेच पडायचं हे तेव्हा लक्षातच आलं नव्हतं. वॉशर मऊ आहे.

१४ ग्रॅम, जरा जाड दळण, सुया, जुनं हँडल, सिंगल वॉल: २७ सेकंदात २९ ग्रॅम. कडेने एक थेंब नाही. चव आधीपेक्षा गोडसर, तो घशाला लागणारा कडवटपणा गेला.

आता गंमत. तेच सगळं, तीच बास्केट, फक्त बॉटमलेस हँडल: पिचकाऱ्या जवळजवळ बंद, पण डावीकडून अजून थेंब थेंब येतंच. आणि थारोळं आहेच.

जुनाट_पाना

मग डावीकडचा गुन्हेगार नवीन हँडल आहे. हे बाहेरचे हँडल सगळ्या ५१ वाल्यांना बसतात असं सांगून विकतात, पण ५१ हे बास्केटचं माप आहे, कानांचं नाही. कानांची संख्या, जाडी, उतार प्रत्येक मशीनचा वेगळा. व्हर्नियर असेल तर दोन्ही हँडलच्या कानांची जाडी मोजा, दोन्हीकडच्या. एखादा कान पातळ असेल तर हँडल त्या बाजूला नीट वर खेचलं जात नाही आणि सील तिथेच ढिलं.

परत देता येत असेल तर द्या. नाहीतर अर्धा मिमी जाड वॉशर मिळतं, पण मग तुमचं जुनं हँडल लागायला जड जाईल, दोन्ही हँडल आलटून पालटून वापरायची तर ते नकोच.

थारोळ्यासाठी: ट्रे रिकामा करून पुसून घ्या, मशीनखाली कोरे टिशू पेपर पसरा, पुढे, मध्ये, मागे टाकीखाली, आणि न वापरता रात्रभर सोडा. सकाळी कुठला ओला ते सांगा. न वापरताही ओला झाला तर पंपाचा काही संबंध नाही.

शंकेखोर

फक्त मागचा, टाकीखालचा.

कान मोजले. जुन्याचे दोन्ही सारखे. नवीन हँडलचा एक कान दुसऱ्यापेक्षा ०.४ मिमी पातळ. काय बोलणार.

जुनाट_पाना

टाकीच्या बुडाशी स्प्रिंगचा छोटा व्हॉल्व्ह असतो, टाकी बसवली की तो दाबला जाऊन उघडतो. तिथे एक ओ-रिंग असते. टाकी उचला, ओ-रिंग आणि ती बसते ती जागा बोटाने चाचपा. टाकी भरताना काढून परत नीट खाली दाबली नाही तरी हेच होतं, म्हणूनच कधी असतं कधी नसतं.

ग्रीस लावायचं असेल तर खाण्याच्या वस्तूंना चालणारं, आणि रबर कुठलं ते बघून. काळ्या ईपीडीएम रबराच्या रिंगला सिलिकॉन ग्रीस चालतं, पेट्रोलियम जेली नाही, फुगते. रिंगच सिलिकॉनची असेल तर सिलिकॉन ग्रीसनेही फुगते, तिला नुसतं पाणी लावून बसवा.

शंकेखोर

सापडलं! ओ-रिंगखाली क्षाराचा पांढरा कण, रव्याच्या दाण्याएवढा, नखाने निघाला. कण मध्ये आला की रिंग तिरकी बसायची. रिंग काळी आहे, ग्रीस आणेपर्यंत तशीच पुसून बसवली. कालपासून टिशू कोरा.

थेंबेथेंबे

धाग्यावर उशिरा आलोय, एक प्रश्न. माझ्याकडे हँडलच्या कडेने वगैरे काही नाही, पण मशीन चालू करून तापत असताना ग्रुपमधून आपोआप थेंब पडतात. पंप बंदच असतो. वॉशर?

गाळणी

नाही. पाणी २० अंशांवरून ९५ पर्यंत तापलं की जवळजवळ ४ टक्के फुगतं, बॉयलरमध्ये जागा नाही म्हणून ते खालून टपकतं. तापताना काही थेंब पडून थांबत असतील तर सोडून द्या. तापल्यावरही थांबतच नसेल, किंवा मशीन थंड असतानाही पडत असेल, तर ग्रुपच्या आतल्या स्प्रिंग व्हॉल्व्हमध्ये क्षार अडकलाय, एकदा डिस्केल करा.

थेंबेथेंबे

तापताना पडून थांबतात. सुटलो.

वाफाळलेला

शंकेखोर, ते हँडल परत घेतलं का त्यांनी?

शंकेखोर

घेतायत, पण कानाचा फोटो व्हर्नियर लावून पाठवा म्हणाले. पाठवलाय. तोपर्यंत जुनंच हँडल.